तुमचे ऑपरेशन काल आहे

माझ्या आयुष्यात मला पैकीच्या पैकी मार्क एकदाच पडले, आणि ते मीच मला दिले होते. प्रश्न मी काढले, मीच सोडवले, तपासलेही मीच. दोनशे बारापैकी दोनशे बारा. त्या आनंदात मी ऑफिसातल्या आठही जणांना लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, खिलवला आणि वर दहा मिनिटांचं भाषण ठोकलं. विषय होता, चूक होण्याआधीच चूक कशी पकडावी. आज आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हा बडोद्यात हरणीच्या आमच्या सोसायटीतले एकेक काका बटणांचा फोन कपाटात टाकून काचेवर बोट फिरवायचा फोन घेत होते. मी मोबाईलसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. आमचे शेठ मूळचे छापखान्यातले. अ‍ॅप म्हणजे त्यांच्या दृष्टीनं हलणारी लग्नपत्रिका. पण माणूस दिलदार. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, ‘चालशे.’

त्या वर्षी आम्हाला एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम मिळालं. मोतीबिंदूची ऑपरेशनं करणारे मोठे सर्जन अहमदाबादहून यायचे, पण कधी येणार ते आदल्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नसायचं. मग हॉस्पिटलची माणसं दुपारभर पेशंटांना फोन लावत बसायची. कोणी उचलायचं नाही, कोणाला ऐकू यायचं नाही. म्हणून अ‍ॅप हवं होतं. सर्जन येणार हे नक्की झालं की पेशंटच्या फोनवर ठळक अक्षरांत निरोप दिसेल, खाली ‘समजलं’ असं बटण असेल. पेशंटनं ते दाबलं की हॉस्पिटल निश्चिंत. नाही दाबलं तर तेवढ्याच माणसाला फोन करायचा. शेठनी गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा कबूल केल्या होत्या.

मी म्हटलं, ‘आणि मराठी?’

‘मराठी कोण वांचशे?’ शेठ म्हणाले.

झालं! माझं डोकं सटकलं. बडोद्यात बसून हे विचारायचं? माझे खापरपणजोबा इथल्या सरकारी दफ्तरात कारकून होते. त्यामुळे आमच्या घराण्याला इतिहास आहे, तो एवढाच की सगळ्यांचं अक्षर बरं आहे. पण तेवढ्या भांडवलावर मी शेठना अर्धा तास सुनावलं. शेवटी ते म्हणाले, ‘चालशे. तारा टाइममां करजे.’ म्हणजे माझ्या वेळात, माझ्या हौशीनं. मी लढाई जिंकल्यासारखी जागेवर येऊन बसले.

खरं सांगायचं तर मराठी कोण वाचणार याचं उत्तर माझ्याकडे होतं. आत्या वाचणार होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. तीस-बत्तीस वर्षं मराठी शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या गावाचं शुद्धलेखन दत्तक घेतलं. घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत एकटी राहायची. तिच्याकडे लग्नपत्रिका आली की आधी लाल पेननं तपासली जायची, मग अहेराचा विचार. मी लहानपणी तिला सुट्टीत पत्र लिहायचे, तर उत्तराबरोबर माझंच पत्र परत यायचं, दुरुस्त होऊन. खाली शेरा असायचा, ‘काळाचे भान नाही.’ म्हणजे भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ. माझी क्रियापदं कायम भलत्या काळात हिंडायची.

आणि आत्याला दिसेनासं होत चाललं होतं. डावा डोळा काचबिंदूनं आधीच घेतला होता, तो कायमचा. उजव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर सांगत होते की आता थांबू नका, जितका उशीर तितकं अवघड. पण आत्या तीन वर्षं चालढकल करत होती. कधी संक्रांत होऊ दे, कधी उन्हाळा सरू दे, कधी ती तपासते त्या मासिकाचा अंक निघू दे. एकदा मी चिडून म्हटलं, ‘आत्या, अगं साधं ऑपरेशन आहे, लोक दुपारी घरी येऊन वरणभात जेवतात!’

ती म्हणाली, ‘लोकांना दुसरा डोळा असतो.’

  पण त्या वर्षी बाबांनी आणि मी मिळून तिचा पिच्छाच पुरवला आणि एकदाची ती हो म्हणाली. त्याच हॉस्पिटलात नाव घातलं. मी तिला नवा फोन आणून दिला, अक्षरं इतकी मोठी करून दिली की एका वेळी दोन-तीन ओळीच मावायच्या. त्यावर भिंग धरलं की ती कशीबशी वाचायची. आमचं ठरलं की निरोप आला की तिनं मला फोन करायचा, मी सकाळी स्कूटर घेऊन हजर. ‘पण एक सांगते,’ ती म्हणाली होती, ‘या वेळी हुकलं तर पुन्हा मला कोणी म्हणायचं नाही. माझा धीर एकदाच पुरेल इतकाच आहे.’ हे ती हसत बोलली नव्हती. 

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसानं आपल्या कोडचा एकेक तुकडा सुटा काढून तपासायचा असतो. पण तुकडा एकटा कधी नसतो. त्याला हॉस्पिटलच्या सर्व्हरकडून निरोप हवा असतो, घड्याळाकडून वेळ हवी असते, बटण दाबायला कोणी माणूस हवा असतो. ही सगळी मंडळी तपासणीच्या वेळी हजर कशी राहणार? म्हणून त्यांच्या जागी खोटी मंडळी उभी करतात. खोटा सर्व्हर, खोटं घड्याळ. आमच्या धंद्यात त्यांना मॉक म्हणतात. आमचे शेठ म्हणायचे ‘डुप्लिकेट’. ही खोटी मंडळी आपण पढवलं तेवढंच बोलतात. सर्व्हरला विचारलं की तो तात्काळ उत्तर देतो, कधी झोपत नाही, कधी जेवायला जात नाही. मला हा प्रकार भलताच आवडला. खऱ्या माणसांशी माझं पटकन वाजतं. खोट्यांशी कधीच वाजलं नाही.

हॉस्पिटलचा खरा सर्व्हर म्हणजे तिथल्या एका जुन्या काकांनी पूर्वी चिठ्ठ्या छापायला बनवलेली व्यवस्था होती. काका लग्नसराईत गावोगाव फिरत होते आणि त्यांच्याशिवाय त्या यंत्राला तपासणीसाठी कोणी हात लावू देत नसे. फोनवर त्यांनी मला एवढंच सांगितलं की त्यांचं यंत्र तारीख पाठवत नाही, पेशंटला तारीख कळत नाही. ते सरळ शब्द पाठवतं. आजे, काले, परम दिवसे. ऑपरेशन व्हायचं असलं तरी आणि होऊन गेलं असलं तरी.

‘समजी गई ने?’ त्यांनी विचारलं.

‘हा काका, समजी गई,’ मी म्हटलं.

आणि मी बसले मराठी लिहायला. वाक्य ठरलेलं, ‘तुमचे ऑपरेशन अमुक आहे’, बदलायचा तो फक्त दिवसाचा शब्द. आजे म्हणजे आज. परम दिवसे म्हणजे परवा. आणि काले म्हणजे... काल.

आता बडोद्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते. गुजरातीत काले म्हणजे कालही आणि उद्याही. जसा आपला परवा दोन्हीकडे तोंड करून बसतो, तसा त्यांचा काले. पुढे क्रियापद काय येतं त्यावरून समजायचं. आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मी जन्मापासून बडोद्यात. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेठशी दिवसभर गुजराती बोलते. ‘काले आवीश’ असं रोज दहा जणांना सांगते, आणि दुसऱ्या दिवशी जातेही. पण बाहेर बोलताना माझं एक डोकं चालतं आणि मराठी लिहायला बसले की दुसरं, घरचं. त्या घरच्या डोक्याला काले ऐकून काल आठवला. एवढंच झालं.

मग त्याची तपासणी. मी खोट्या सर्व्हरला पढवलं, ‘काले म्हण.’ तो म्हणाला, काले. मी माझ्या कोडला विचारलं, मराठीत काय दाखवशील? ते म्हणालं, काल. मी अपेक्षित उत्तर काय लिहिलं होतं? काल. हिरवा दिवा, म्हणजे एक मार्क! शाब्बास!

बरं, शेवटी वाक्य वाचून ‘समजलं’ दाबणारा माणूस हवा होता, तोही मी खोटाच बनवला. नाव काय द्यावं? मी हौसेनं नाव दिलं, खोटी आत्या. ही खोटी आत्या अगदी गुणाची. काहीही दाखवा, क्षणात ‘समजलं’ दाबायची. निरोप कोरा पाठवला तरी समजलं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, गुजराती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि चाळीस वर्षांनी शहाणी, तिनं एकदा माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, ‘आ तारी आंटी कोई दिवस ना नथी पाडती?’ ही तुझी आत्या कधी नाही म्हणत नाही?

मी म्हटलं, ‘म्हणून तर ठेवलीय.’

ती म्हणाली, ‘तारी टेस्ट तो तने ज खुश करे छे.’ तुझी टेस्ट तुलाच खूश करते. मी तिला चेवड्याचा पुडा पुढे केला आणि विषय बदलला.

यात सर्वात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. खऱ्या आत्यानं मला तीनदा म्हटलं होतं की तुझी ती मराठी वाक्यं मला आधी दाखव. पहिल्यांदा मी म्हटलं, हो दाखवते. दुसऱ्यांदा म्हटलं, अगं चाललंय अजून. तिसऱ्यांदा मी फोनवर नुसतं ‘हं’ केलं. कारण मला ठाऊक होतं, ती एका वाक्याला सतरा प्रश्न विचारणार. ‘तुमचे’ का, ‘आपले’ का नाही? ऑपरेशन का, शस्त्रक्रिया का नाही? ठिपका का दिला, का नाही दिला? कोणाला वेळ आहे! घरी खोटी आत्या तयार बसलेली असताना खरीच्या तोंडी कोण लागणार? मी असा विचार केला होता, अगदी याच शब्दांत. 

चेवडा खाऊन दहा दिवस झाले असतील. सकाळी पावणेनऊला मी ऑफिसचा जिना चढत होते आणि फोन वाजला. हॉस्पिटलातल्या सिस्टर होत्या.

‘तमारां फोई क्यां छे? साहेब आवी गया छे. बार वाग्ये नीकळी जशे.’

आत्या कुठे आहे, सर्जन आलेत आणि बाराला निघतील. आज? आत्याचा फोन का आला नाही? मी सिस्टरना विचारलं, निरोप गेला नव्हता का? त्या म्हणाल्या, गेला होता की, काल चार वाजता, आणि पेशंटनं ‘समजलं’ दाबलंय, म्हणून तर आम्ही फोन केला नाही. मी आत्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. एकटी बाई, एका डोळ्यानं अंधुक दिसणारी, दोन जिने... माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. तशीच खाली उतरले आणि स्कूटर घडियाळी पोळाकडे पळवली.

वर कुलूप. खाली बांगड्यांचं दुकान नुकतं उघडत होतं. दुकानदार शांतपणे उदबत्ती ओवाळत म्हणाले, ‘बेन तो पादरा गयां. सवारनी बसमां. बहु मजामां हतां.’

मजेत? पादऱ्याला? मला आधी हायसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी इतका संताप आला की विचारू नका. इथे तिच्यासाठी अहमदाबादचे सर्जन खोळंबलेत आणि ही पादऱ्याला मजेत! पादऱ्याला, बडोद्यापासून पाऊण तासावरच्या त्या गावात, तिची एकच मैत्रीण, शाळेत गणित शिकवणाऱ्या बेन, बाजाराच्या मागे घर. मी लहानपणी तिच्याबरोबर गेले होते. घर आठवत होतं. हिवाळ्याचं वारं डोळ्यांत जात होतं, रस्त्यात भाजीच्या गाड्यांची रांग, आणि मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं भांडत चालले होते. आत्याशी, म्हणजे समोर नसलेल्या आत्याशी. तिथेही उत्तरं मीच देत होते, आणि मीच जिंकत होते.

पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ओसरीवर दोघी तुवेरच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. आत्यानं पावलांवरून मला ओळखलं.

‘अगं, तू? ऑफिस नाही का?’

‘आत्या!’ मी ओरडलेच. ‘आज ऑपरेशन आहे तुझं! फोन कुठाय तुझा?’

फोन तिच्या पिशवीत होता, पंच्यात नीट गुंडाळलेला, गरम होऊ नये म्हणून. पिशवी आत खुंटीला. माझे अकरा फोन त्या पंच्यात वाजून गेले होते.

‘आज कसं असेल?’ आत्या म्हणाली. ‘ते तर परवा होऊन गेलं. हुकलं माझं. मलाही वाईट वाटलं गं.’ वाईट वाटल्याचं चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. चेहरा सुटी जाहीर झालेल्या शाळेसारखा होता. ‘काल दुपारी वाचलं मी. चांगलं दोनदा वाचलं भिंगातून. नशिबात नव्हतं म्हटलं, आणि आले इकडे.’

मी पंचा सोडला, फोन काढला आणि पाहिलं. माझीच मोठी मोठी अक्षरं.

तुमचे ऑपरेशन काल आहे

 आणि मग, सांगायला लाज वाटते, मी तिच्यावरच उखडले. ‘अगं, पण काल आहे असं कधी असतं का? तू मराठीची शिक्षिका ना? तुला एवढं खटकलं नाही?’

‘खटकलं की,’ आत्या म्हणाली. ‘काल आहे असं नसतंच. एक तर उद्या आहे, नाहीतर काल होते. दोन्हीतलं एक चुकलेलं. मग मी विचार केला, लिहिलंय कोणी? तू. तुझं काय चुकतं? क्रियापद. मी क्रियापद दुरुस्त केलं. काल होते. आणि समजलं म्हणून बटण दाबलं.’

 पंचवीस वर्षांपूर्वीचा शेरा मला पादऱ्याच्या ओसरीवर येऊन चिकटला होता.

सोललेले दाणे तिनं वाटीत टाकले. मग आवाज बदलून म्हणाली, ‘खरं सांगू? उद्या असेल असंही मनात आलं होतं. तुला फोन करून विचारता आलं असतं. पण काल होते हे मला सोयीचं होतं. मी फार भ्यालेय गं.’

मी तिच्या पायाशी बसले. राग कुठल्या कुठे गेला. माझ्या अकलेवर मात्र मी आजही चिडते. मी सांगून टाकलं सगळं. काले कसा ऐकला, काल कसा लिहिला, चेवडा कसा वाटला. 

‘पण मी तीनदा म्हटलं होतं, मला दाखव म्हणून. कोणालाच दाखवलं नाहीस?’

‘दाखवलं,’ मी म्हटलं. ‘म्हणजे... एक खोटी आत्या बनवली होती. तपासायला.’

‘खोटी आत्या?’

‘हो. तुझ्या जागी. तिला काहीही दाखवलं की ती समजलं म्हणते.’

गणिताच्या बेन हसायला लागल्या. आत्या हसली नाही. ती म्हणाली, ‘मला खोटं लागलं हो.’

हे आमचं बडोद्याचं मराठी. पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. गुजरातीतून आलेलं आहे, म्हणजे मनाला लागलं. आत्या शाळेत मुलांच्या वह्यांमधून हा प्रयोग तीस वर्षं खोडत आली होती, लिहायची, ‘वाईट वाटले असे लिहा.’ आणि त्या दिवशी तो तिच्याच तोंडून निघाला. तेव्हा मला कळलं की किती लागलंय.

मग तिनं विचारलं, ‘आणि त्या खोट्या आत्याला दिसतं का गं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘ती वाचतच नाही. नुसतं बटण दाबते.’

‘मग बरोबर माझ्यासारखीच आहे,’ आत्या म्हणाली, आणि शेंगांची टोपली पुढे ओढली.

आम्ही निघालो, पण आत्याला स्कूटरवर मागे बसवून मी जोरात चालवू शकत नव्हते. हॉस्पिटलच्या फाटकात शिरलो तेव्हा साडेबारा. सर्जन गेलेले. पुन्हा केव्हा येतील? सिस्टर म्हणाल्या, दोन-तीन आठवडे तरी लागतील. मी आत्याकडे बघायचं धैर्य करत होते. तिनं सांगून ठेवलं होतं ना, पुन्हा मला म्हणायचं नाही म्हणून. तिचा एकदाच पुरणारा धीर मी एका शब्दावर उधळला होता.

बाकावर बसून आत्या पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. मग म्हणाली, ‘येईन मी. पण एका अटीवर. तुझ्या त्या यंत्रातलं प्रत्येक मराठी वाक्य आधी माझ्या हाताखालून जाईल.’

ते तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घडियाळी पोळात. मी वाक्य वाचायचे, ती डोळे मिटून ऐकायची, मग कागद नाकाशी धरून भिंगातून बघायची आणि लाल पेन चालवायची. ‘तुमचे’ का, ‘आपले’ का नाही, सगळं झालं. सतरा प्रश्न मी कमी धरले होते. ‘थेंब घाला’ वाचून तिनं विचारलं, कुठल्या डोळ्यात? मी म्हटलं, ऑपरेशनच्या. ती म्हणाली, मग तसं लिही, घाबरलेल्या माणसाला काही ठाऊक नसतं. ‘समजलं’ या बटणाशेजारी तिनं दुसरं बटण मागितलं, ‘समजलं नाही’. मी म्हटलं, कोण दाबेल ते? ती म्हणाली, ‘मी.’ माझ्या मैत्रिणीनं ऑफिसात ते ऐकलं आणि त्याच दिवशी गुजरातीतही ते बटण टाकलं. शेठ म्हणाले, चालशे. काका लग्नांवरून परतल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि खऱ्या यंत्राचा एकेक निरोप समोर मागवून घेतला. मराठी निवडलेली माणसं किती हेही तेव्हा पाहिलं. तीन. एक मी, दुसरे बाबा, दोघंही नुसते हौशी, आणि तिसरी आत्या. डोळा फक्त एकीचा पणाला होता. देवाची कृपा म्हणायची की शेठचं म्हणणं बरोबर होतं म्हणायचं, मी ठरवलेलं नाही.

पुढचा निरोप आला तेव्हा मी आत्यासमोरच बसले होते. ‘आपले ऑपरेशन उद्या आहे. सकाळी आठला या.’ तिनं तो भिंगातून तीनदा वाचला. क्रियापद तपासलं. मग ‘समजलं नाही’ दाबलं. हॉस्पिटलातून पाच मिनिटांत फोन आला आणि सिस्टरनी तिला सगळं पुन्हा तोंडी सांगितलं. फोन ठेवून आत्या मला म्हणाली, ‘समजलं होतं. पण कोणीतरी बोलावंसं वाटत होतं.’

ऑपरेशनच्या वेळी बाबा आणि मी बाहेर बाकावर. मला कुठलाच हिरवा दिवा दिसत नव्हता. सर्जनची जागा घ्यायला कोणी खोटा नव्हता, डोळा खोटा नव्हता, आणि जे व्हायचं ते एकदाच होणार होतं. मला भयंकर भीती वाटली. आत्या तीन वर्षं काय घेऊन जगत होती ते मला त्या अर्ध्या तासात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी डोळा पुसला, दिवा मारून बघितला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आत्या वाचत गेली, पण सावकाश, कुणाच्या तरी दबावाखाली वाचल्यासारखी. डॉक्टर समाधानानं गेले. माझं समाधान होईना. ती नुसती बसून होती, समोरच्या खिडकीकडे बघत.

तेवढ्यात तिच्या पिशवीत काहीतरी वाजलं. या वेळी पंचा मी आधीच काढून टाकला होता. काकांच्या यंत्रानं नेमानं आपला शब्द पाठवला होता, काले, आणि ऑपरेशन झालंय की व्हायचंय याची सोबतची खूण बघून कोडनं या वेळी तो नीट ओळखला होता. मी न वाचताच फोन तिच्या हातात दिला. सवयीनं भिंगही पुढे केलं. तिनं भिंग बाजूला सारलं. फोन हातभर लांब धरला, आम्ही सगळे धरतो तसा.

‘आपले ऑपरेशन काल झाले,’ तिनं वाचलं. अडखळली नाही.

 ती अजून बघतच होती. मग तिच्या कपाळावर ती जुनी, वह्या तपासतानाची आठी उमटली.

‘पूर्णविराम कुठाय?’

मी फोन घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मला काही दिसेना. अगदी नाकाशी धरून पाहावं लागलं. खरंच, पूर्णविराम द्यायचा राहिला होता.